मोहाखालची पहाट



येत्या वैशाखात आमच्या घरी पाळणा हलावयाचा आहे. अशा दिवसांत स्त्रीचे मन पुढे धावते असे म्हणतात. माझे मन मात्र मागे, आजोळाकडे धावते.

माझे आजोळ गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनी. त्याच जिल्ह्यात मोरगावची दुसरी अर्जुनी आहे. आमची अर्जुनी नागपूर-रायपूर हमरस्त्यावरची, म्हणून ती ‘सडक’ अर्जुनी. शिमग्याच्या सुट्टीत आम्ही भावंडे नागपुराहून भंडारा, लाखनी, साकोली अशी गावे मागे टाकीत एस. टी.ने तेथे जात असू. वाटेवर पानझड झालेल्या रानात पळस नुसता पेटलेला असे. होळीसाठी शेणाच्या चाकोल्या थापून त्यांच्या माळा ओवावयाच्या, पळसाची फुले उकळून केशरी रंग काढावयाचा, आणि धुळवड आटोपली की पहाटे मामीबरोबर मोह वेचावयास जावयाचे, हा आमचा ठरलेला क्रम.

मोहाचे झाड पहाटेपासून ऊन चढेपर्यंत आपली फुले खाली टाकीत राहते. फुले फिकट पिवळी, रसाळ, उग्र गोड वासाची. उन्हात वाळली म्हणजे मनुकांसारखी तपकिरी होतात. ती तोडावी लागत नाहीत, वेचावी लागतात. म्हणजेच फुलाफुलासाठी वाकावे लागते. उशीर केला तर गुरे ती खाऊन टाकतात, आणि फार लवकर गेले तर अस्वलाची भीती. आम्हां मुलांना या साऱ्याची मौज वाटे. कोणाची टोपली आधी भरते, याची आम्ही शर्यत लावीत असू.

एका वर्षी मामीला सातवा महिना होता. त्या पहाटे माझी टोपली तिच्याआधी भरली. “मामी हरली!” म्हणून मी टाळ्या पिटल्या. ती झाडाला पाठ टेकून, कमरेवर हात ठेवून बसली होती. “हो बाई, हरले,” असे म्हणून ती हसली, आणि पुन्हा उठून वेचू लागली. माझ्या आठवणीत त्या पहाटेचा विजय तेवढा उरला होता.

गेल्या महिन्यात माझ्या डोहाळजेवणास तीच मामी आली. ओटी भरताना एक सुपारी खाली पडली. मी उचलावयास वाकणार, तोच तिने माझा हात धरला. “वाकू नको, बाई. मी देते.” आणि पन्नाशीकडे झुकलेली ती, कमरेवर हात ठेवून हळूच वाकली. तो हात मी ओळखला. तिला त्या पहाटे “वाकू नको” असे कोणी म्हटले होते काय?

मी नोकरी करते. कायद्याप्रमाणे मला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळेल. मोह वेचणारीला रजा कोणी द्यावी? तिचा धनी म्हणजे ऋतू, आणि मोहाचा बहर तर थोड्याच आठवड्यांचा. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानातील मोहावर वनवासी कुटुंबांचा हक्क मान्य केला. २०१७ पासून पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपयांचे सरकारी साहाय्यही सुरू झाले. ही पावले मोलाची होत. तथापि बहराच्या दिवसांत घरी बसणे ज्या घराला परवडत नाही, त्या घरची गर्भवती आजही वाकतेच.

माझ्या बालपणीचा वसंत खोटा होता, असे मी म्हणणार नाही. तो आनंद खराच होता. परंतु माझी सुट्टी ती मामीची सुगी होती, हे समजावयास मला स्वतः आई व्हावे लागले. माझ्या बाळाला इतका उशीर लागू नये, एवढीच इच्छा आहे. ते चालू लागले की शिमग्याला मी त्याला सडक अर्जुनीस नेईन. पळसाचा रंग त्याला अवश्य खेळू देईन. मोहाखाली त्याच्या हाती टोपलीही देईन. मात्र ती भरली की टाळ्या पिटण्याआधी त्याने ती मामीआजीच्या टोपलीत रिती करावी, हे त्याला मी शिकवीन.