विद्यार्थ्यांसाठी संगणकाची बाराखडी



संगणकाचा विषय निघाला की ज्येष्ठ मंडळी हमखास म्हणतात, ‘आजच्या मुलांना तो शिकवावा लागतच नाही, ती मोबाईल हाती घेऊनच जन्मास येतात.’ हे ऐकावयास गोड आहे, परंतु खरे नाही. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणविषयक पाहणीचा २०२३ सालचा अहवाल १४ ते १८ वयोगटातील मुलामुलींविषयी होता. त्यांपैकी सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि त्यांना तो वापरताही येत होता. संगणक किंवा लॅपटॉप मात्र जेमतेम ९ टक्के घरांत आढळला. म्हणजे पडद्यावर बोट फिरविणे बहुतेकांना येते. पण फाइल म्हणजे काय, ती कोठे जतन झाली, उद्या ती शोधावयाची कशी, हे जाणून घेण्याचा प्रसंगच त्यांच्यावर आलेला नसतो.

तो प्रसंग येतो दहावी-बारावीनंतर. प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेशपरीक्षेचा अर्ज, सारे ऑनलाइन. छायाचित्र अमुक केबीच्या आत असावे, अशी अट असते. मोबाईलने काढलेले छायाचित्र कित्येक एमबीचे, आणि एक एमबी म्हणजे सुमारे हजार केबी, हे ठाऊक नसल्याने हुशार विद्यार्थीही तेथे अडतो. मग तो बाजारपेठेतील एखाद्या केंद्रावर जातो. तेथील गृहस्थ घाईत असतात. ते स्वतःचाच मोबाईल क्रमांक टाकतात, पासवर्डही तेच ठरवितात. पुढील वर्षी नूतनीकरणाची वेळ येते तेव्हा ओटीपी त्या गृहस्थांच्या मोबाईलवर जातो, आणि ते दुकान तोवर दुसऱ्या गल्लीत हललेले असते. विद्यार्थ्याच्या नावाचे खाते, पण किल्ली परक्याच्या खिशात! पेढीच्या तिजोरीची किल्ली कोणी अशी सोपविली असती काय?

महाराष्ट्राने या दिशेने पाऊल फार लवकर टाकले, हे अभिमानाने नमूद केले पाहिजे. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि लगोलग ‘एमएससीआयटी’ हा अभ्यासक्रम सुरू होऊन तालुक्यातालुक्यात पोहोचला. शासकीय नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र मागितले जाऊ लागल्यावर वर्ग तुडुंब भरले. मात्र परीक्षा झाली, प्रमाणपत्र फाइलीत गेले आणि त्यानंतर संगणकास हात लागला नाही, असेही पुष्कळ झाले. पोहण्याचे प्रमाणपत्र मिळाले म्हणून विहिरीत उडी घेता येत नाही.

विद्यार्थ्याने प्रथम काय शिकावे? व्यापारी घरातील मुलांना एक्सेलचे, म्हणजे हिशेबाच्या तक्त्याचे, आधी सांगावेसे वाटते. असा पहिला प्रसिद्ध तक्ता ‘व्हिजिकॅल्क’ १९७९ साली अमेरिकेत निघाला. आजच्या एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी असतात; कोणत्याही पेढीची खतावणी तीत मावेल. परंतु हे यंत्र आज्ञाधारक आहे, जाणकार नाही. दोन मीटर पाच सेंटीमीटर कापड कोणी २.५ असे लिहिले, तर ते निमूटपणे अडीच मीटर धरते. चारशे रुपये मीटरच्या कापडाचे ८२० रुपये व्हावयाचे, तेथे १००० होतात. जुना मुनीम चष्म्यावरून पाहून ‘हे कसे?’ असे विचारीत असे. एक्सेल विचारीत नाही.

याहून घातक चूक खातेक्रमांकाची. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच ध्यानात ठेवते. बँकेचा १६ अंकी खातेक्रमांक साधी संख्या म्हणून टंकित केला, तर शेवटच्या अंकाच्या जागी मुकाट्याने शून्य येते. ज्यांच्या क्रमांकाच्या आरंभी शून्य असते, त्यांचे ते शून्यच गळून पडते. शिष्यवृत्ती वाटपाची यादी अशा रीतीने तयार झाली, तर गरजू विद्यार्थ्याची रक्कम परत येते आणि दोष कोणाचा हे महिनोन् महिने समजत नाही. उपाय क्षणाचा आहे. आकडे भरण्यापूर्वी तो रकाना ‘टेक्स्ट’ प्रकारचा करावा, म्हणजे जे लिहिले तेच राहते. एवढी एक गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः दोन्ही प्रकारे करून पाहावी.

दुसरी गोष्ट मराठी टंकलेखनाची. युनिकोड रुळण्यापूर्वी जो तो आपापल्या फॉन्टमध्ये मजकूर लिहीत असे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती अक्षरे म्हणजे निव्वळ चिन्हांचा कचरा दिसे. त्या काळातील कितीतरी संस्थांचे इतिवृत्त आज असेच वाचनाविना पडून आहे. आता युनिकोड आहे आणि त्यासाठी ‘इन्स्क्रिप्ट’ हा कळफलकही आहे. त्यात स्वर व मात्रा डाव्या हाताला आणि बहुतांश व्यंजने उजव्या हाताला आहेत. ‘के’च्या कळीवर क, तीच कळ शिफ्टसह दाबली की ख, ‘डी’वर हलन्त. खरी गंमत पुढे आहे. भारतीय लिप्यांसाठी हीच मांडणी ठेवलेली असल्याने देवनागरी शिकलेला हात गुजराती आणि कन्नडही टंकित करतो. ज्या घरात आजी गुजराती वाचते, किंवा ज्यांचे सोयरे कर्नाटकात आहेत, त्या घरातील मुलाला ही एकाच श्रमात लाभलेली तिहेरी विद्या आहे. लिपी अर्थात वाचता आली पाहिजे.

येथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. संगणक कक्षासाठी दाते मिळतात. दारावर नामफलकही लागतो. शिक्षकाच्या वेतनासाठी मात्र दाता शोधावा लागतो, कारण वेतनावर फलक लावता येत नाही. मग दहा संगणक पांघरुणे घालून बसतात आणि दोन-तीन वर्षांत कालबाह्य होतात. दहाऐवजी पाच यंत्रे घ्यावीत आणि उरलेल्या रकमेत रोज सायंकाळी दोन तास शिकविणारा मनुष्य नेमावा.

शेवटी सुरक्षिततेविषयी. ओटीपी कोणासही सांगू नये, हे मुलांना पाठ असते. पण पोलीस अधिकारी असल्याची बतावणी करून व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ झाल्याचे सांगणारे ठग बहुधा वडीलधाऱ्यांना गाठतात. कायद्यात अशी कोणतीही अटक नाही. रक्कम गेलीच, तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे. पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पुढे सरकण्याआधी तो रोखता येण्याची आशा पहिल्या काही तासांतच अधिक असते. वर्गातून घरी गेल्यावर नातवाने अथवा नातीने हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहून आजोबांच्या पलंगाजवळच्या भिंतीवर लावावा, आणि त्यांच्याकडून तो एकदा फिरवून घ्यावयाचा सरावही करून घ्यावा. फक्त हिरवे बटण दाबण्यापूर्वी थांबावे.