पाबळचा धडा
विज्ञानकेंद्र म्हटले की यंत्रे पाहून परतणाऱ्या मुलांच्या रांगा डोळ्यांसमोर येतात. कुतूहल जागे होते; हात मात्र रिकामेच राहतात.

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्तान लिव्हरमधील संशोधनकार्य सोडून १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ या दुष्काळी गावी विज्ञान आश्रम उभारला. शाळा सुटलेली मुले तेथे वेल्डिंग, वीजजोडणी, मातीपरीक्षण शिकतात. गावाची कामे हाच त्यांचा अभ्यासक्रम. २००२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने तेथे फॅब लॅब सुरू झाली. या भागीदारीत पाबळने याचना केली नाही. आपले प्रश्न आणि कसलेले हात पुढे केले. स्वदेशी म्हणतात ती हीच.

आपल्या जिल्ह्यासाठी विज्ञानकेंद्र मागताना इमारतीआधी एवढेच विचारू या : गावाची कोणती अडचण त्याच्या दारातून आत येणार आहे?