फियाटचे इंजिन : त्याची दुखणी आणि आपली जबाबदारी



या व्यासपीठावर इतिहासावर, तत्त्वज्ञानावर आणि अर्थकारणावर विद्वानांची भाषणे होतात. तेथे मोटारीच्या इंजिनावर बोलायला एका कामगार कार्यकर्त्याला बोलावले, याबद्दल व्यवस्थापक मंडळींचे धाडस मानले पाहिजे. मी इंजिनियर नव्हे. सातवीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच. पुढचे शिक्षण झाले ते दिवसा गॅरेजमध्ये हातात पाना धरून आणि रात्री शब्दकोश शेजारी ठेवून मोटारीची माहितीपुस्तके वाचून. पुढे टॅक्सीचालकांच्या आणि गॅरेजकामगारांच्या संघटनेत आलो, तेव्हा यंत्राचा हिशेब आणि माणसांचा हिशेब असे दोन्ही एकदमच शिकावे लागले. आज ते दोन्ही आपल्यापुढे मांडतो.

मुंबईला गेलेल्या प्रत्येकाने काळीपिवळी फियाट पाहिली आहे. तिच्या इंजिनाची कुळकथा थोडक्यात सांगतो. इटलीतील तुरीन शहरात फियाट कंपनीने १९३७ साली एक लहान मोटार काढली. तिची आखणी दांते जाकोसा या अभियंत्याच्या हाताखाली झाली. तिच्यातील १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन पुढे आपल्याकडे आले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनू लागली. १९६४ पासून तिचा नवा नमुना निघाला आणि पुढे १९७४च्या सुमारास त्याच मोटारीला पद्मिनी हे नाव मिळाले. या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले, आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची फियाट टॅक्सी वीस वर्षांची मर्यादा भरून मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. म्हणजे मूळ आखणीपासून पाहिले तर हे इंजिन शहाऐंशी वर्षे जगले.

आता त्याचे अंग पाहू. एका ओळीत उभी चार सिलिंडरे. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. खालचा ठोकळा बिडाचा, वरचे झाकण, ज्याला आपण हेड म्हणतो, ते अल्युमिनियमचे. शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती, तीही मिनिटाला ४८०० फेरे झाले तेव्हा. प्रत्येक सिलिंडरात चारच कामे चालतात : ओढणे, दाबणे, पेटणे आणि फेकणे. चारही सिलिंडरे एकदम पेटत नाहीत, आधी पहिले, मग तिसरे, मग चौथे, मग दुसरे, अशी पाळी असते. ४८०० फेऱ्यांचा हिशेब करा. सेकंदाला ८० फेरे आणि १६० ठिणग्या. आपण डोळा मिटून उघडेपर्यंत त्या इंजिनाने कितीतरी वेळा श्वास घेतलेला असतो.

इतक्या धावपळीत यंत्र कुठे बिघडते? माझा अनुभव असा की, ते बहुधा दोन गोष्टी जुळतात त्या सांध्यात बिघडते. या इंजिनाचा सर्वांत नाजूक सांधा म्हणजे बीड आणि अल्युमिनियम यांच्यामधला. तापल्यावर अल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. ३० सेंटिमीटर लांबीचा तुकडा ८० अंशांनी तापवला तर बीड पाव मिलिमीटरने वाढते आणि अल्युमिनियम अर्ध्या मिलिमीटरहून जास्त. या दोघांच्या ओढाताणीत मध्ये दबून बसते ती हेडची गॅसकेट. इंजिन मर्यादेत तापले तर ती सारे सोसते. पाणी उकळू लागले की हेड वाकते, गॅसकेट जळते, पाणी तेलात उतरते, तेल चहाच्या रंगाचे होते आणि तसेच चालवले तर बेअरिंगे जातात. मग गॅरेजमधला मिस्त्री सांगतो, ‘इंजिन काम निघाले.’ हे तीन शब्द ऐकून किती चालकांच्या घरी त्या महिन्याचा वाणी थांबला असेल, याची गणती कुणी ठेवलेली नाही.

पण इंजिन उकळते का? रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसतात, पंखाचा पट्टा सैल होतो, ही कारणे सर्वांना ठाऊक असतात. एक कारण मात्र लपून राहते. ठिणगी वेळेवर पाडण्यासाठी डिस्ट्रिब्युटरमध्ये दोन लहानसे पॉइंट असतात. त्यांच्यामधली फट असते अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. मिनिटाला ३००० फेरे झाले तर ताशी तीन लाख साठ हजार वेळा ते उघडतात आणि मिटतात. त्यांच्या टाचेचा ठोकळा घासत जातो, फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. उशिरा पेटलेले पेट्रोल चाक ढकलण्याऐवजी इंजिनालाच तापवते. गाडी बंद पडत नाही, थोडी जड चालते इतकेच. म्हणजे आज पॉइंट घासायचे राहिले, तर काही आठवड्यांनी त्याची पावती हेड गॅसकेटवर फाटते.

उन्हाळ्यातले दुसरे दुखणे अधिक प्रसिद्ध आहे. पेट्रोलचा पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला, आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. ऊन, रहदारी आणि इंजिनाची धग यांनी त्या नळीत पेट्रोलची वाफ होते. पंप वाफ ओढत बसतो आणि गाडी भर चौकात उभी राहते. पंपावर ओले फडके टाकून बसलेला चालक आपण पाहिला असेल. मागच्या सीटवरचे गृहस्थ त्याला वेंधळा समजत, पण तो त्या क्षणी पदार्थविज्ञानाचा अचूक प्रयोग करीत असे!

तिसरे दुखणे नवे होते. न्यायालयाच्या आदेशांमुळे २००० नंतर मुंबईच्या टॅक्सी हळूहळू सीएनजीवर गेल्या. हवेच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण हा वायू कोरडा जळतो. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत हळूहळू रुततो आणि टॅपेटची फट मिटत जाते. फट मिटली की टॅपेटचा आवाज कमी होतो. चालकाला वाटते, गाडी काय गोड चालली आहे! प्रत्यक्षात व्हॉल्व्ह पुरता मिटत नसतो आणि काही दिवसांत तो जळतो. खडखडणारे टॅपेट बरे, गप्प झालेले टॅपेट वाईट. संघटनेच्या कामातही मला हाच अनुभव आला. तक्रार करणारा सभासद परवडतो, गप्प झालेल्याची चौकशी आधी करावी.

आता मी मूळ प्रश्नाकडे येतो. ही तिन्ही दुखणी वेळीच ओळखता येतात आणि थोडक्यात बरी होतात. मग ती वाढत का गेली? याचे उत्तर इंजिनात सापडत नाही, ते व्यवहारात सापडते. भाड्याच्या टॅक्सीचा चालक मालकाला रोजची ठरीव रक्कम देई, वर उरेल ते त्याचे. पॉइंट आणि टॅपेट बघायला अर्धा दिवस मोडायचा, तर तो चालकाचा मोडे. रेडिएटर साफ करायचा खर्च मालकाचा, आणि मालकाला गाडी दिसे ती रात्री, थंड झालेली. मिस्त्रीला लहान कामात मजुरी थोडी, मोठ्या कामात अधिक. मालकाला सरसकट खलनायक ठरवायला मी तयार नाही. पुष्कळ मालक स्वतः जुने चालकच होते आणि त्यांच्या मानेवर कर्जाचे हप्ते होते. तरीही तिघांपैकी प्रत्येकाला दुरुस्ती उद्यावर टाकण्यात आजचा फायदा दिसे, आणि अखेर मोठे बिल आले की ते ज्याची बाजू दुबळी त्याच्या अंगावर पडे.

एक प्रसंग सांगतो. एका चालकावर मालकाने हेडच्या कामाचा सगळा खर्च लादला होता. ‘तू पाण्यावाचून गाडी पळवलीस’ हा आरोप. चालक बिचारा शपथा घेत होता. आम्ही म्हटले, शपथा राहू द्या, जुनी गॅसकेट आणा आणि रेडिएटर उघडा. रेडिएटरच्या निम्म्याहून अधिक नळ्या क्षारांनी बुजलेल्या निघाल्या. असा थर एका दिवसात बसत नाही, त्याला महिने लागतात. चालक गाडीवर येऊन तीन आठवडे झाले होते. मालक समंजस होते, वस्तू डोळ्यांनी पाहिल्यावर त्यांनी खर्च आपल्याकडे घेतला. त्या दिवशी घोषणा द्यावी लागली नाही आणि मोर्चाही काढावा लागला नाही. गंजलेल्या नळ्यांनी साक्ष दिली.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काटा लाल खुणेवर गेला असताना ‘एवढे भाडे पोचवू’ म्हणून गाडी रेटणारे चालक मी पाहिले आहेत. उकळत्या इंजिनात गार पाणी ओतून हेडला तडा घालणारेही पाहिले आहेत. संघटनेच्या सभेत मी त्यांना स्पष्ट सांगत असे की, ज्याला आपला हक्क मागायचा त्याने आधी आपले यंत्र ओळखले पाहिजे. अडाणीपणाची बाजू कुणाला फार काळ घेता येत नाही.

आपण म्हणाल, फियाट गेली, आता हे पुराण कशाला? गाडी गेली, व्यवहार तोच राहिला आहे. आजच्या इंजिनात पॉइंट नाहीत, पेट्रोल मोजून सोडणारा संगणक आहे. बिघाड झाला की तो एक सांकेतिक आकडा दाखवतो. तो आकडा वाचण्याचे साधन आणि त्याचा अर्थ कुणाच्या हाती असावा, हा आजचा प्रश्न आहे. फियाटचे झाकण कोपऱ्यावरचा मिस्त्री उघडू शकत होता आणि चालक शेजारी उभा राहून पाहू शकत होता. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट आखण्यासाठी समिती नेमली आणि तिच्या विषयांत मोटारगाड्याही घेतल्या, ही चांगली गोष्ट झाली. पण समितीने दार उघडले तरी आत आपणच शिरायचे असते.

म्हणून गाडी कुणाचीही असो, दुरुस्तीला दिलीत की दोन गोष्टी मागा. बिघाडाचे कारण बिलावर लिहून घ्या, आणि काढलेला जुना भाग परत मागा. कारण आणि पुरावा हातात असला की कुणाच्या चुकीचा दंड कुणी भरायचा, हे ठरवायला आरडाओरडा करावा लागत नाही. इंजिनाचा भरवसा कारखान्यात निम्माच घडतो. उरलेला निम्मा मालक, चालक आणि मिस्त्री एकमेकांशी किती खरे बोलतात, त्यावर अवलंबून असतो.