कुकुरदेव

रायपूर शहराच्या उत्तरेला उरला नावाचे गाव आहे. आज हे नाव घेतले की लोकांच्या डोळ्यांपुढे लोखंडाच्या भट्ट्या आणि मालमोटारींच्या रांगा उभ्या राहतात. परंतु हा मुलूख मूळचा भाताचा. छत्तीसगडला भाताचे कोठार म्हणतात ते उगीच नव्हे. कापणी झाल्यावर भाऱ्यांची गंज ज्या खळ्यात रचतात, त्याला तिकडे ब्यारा म्हणतात. मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत या ब्याऱ्याची राखण दोघे करतात : पांघरूण घेऊन पडलेला शेतकरी, आणि पेंढ्यात अंगाचे वेटोळे करून निजलेले त्याचे कुत्रे. निजलेले म्हणायचे इतकेच. रानडुक्कर बांधावर आले की ते आधी कळते कुत्र्याला. शेतकरी जागा होतो तो त्याच्या भुंकण्याने.

हे कुत्रे मरते तेव्हा काय होते? घरातला कर्ता पुरुष फावडे घेतो, बांधाच्या कडेला खड्डा खणतो, मूठभर मीठ टाकून माती लोटतो. सुतक नाही, दहावा नाही, समाचाराला येणारे कोणी नाही. बैलासाठी पोळा आहे, गाईसाठी वसुबारस आहे, नागालाही पंचमी आहे. कुत्र्याला चंपाषष्ठीच्या दिवशी खंडोबाच्या नैवेद्यातला घास मिळतो, तेवढाच काय तो मान. नेपाळात दिवाळीच्या सुमारास ‘कुकुर तिहार’ असतो. त्या दिवशी कुत्र्यांना टिळा लावून माळा घालतात. आपल्याकडे तसे काही नाही. म्हणून दुःख होत नाही असे नव्हे. ते दाखविण्याची सोय नसते एवढेच. मुले रडतात. ‘मुक्या जनावरासाठी एवढे काय रडायचे’ असे म्हणून त्यांना गप्प करणारा बापच रात्री ताटातला शेवटचा घास सवयीने बाजूला काढतो, आणि मग त्याच्या लक्षात येते की तो घ्यायला कोणी नाही.

या अबोल शोकाला याच मुलखातल्या एका देवळाने जागा करून दिली आहे. रायपूरहून सुमारे शंभर किलोमीटरवर, बालोद जिल्ह्यातील खपरी गावी, कुकुरदेवाचे मंदिर आहे. कुकुर म्हणजे कुत्रा. मंदिर जुने, फणिनागवंशी राजांच्या काळी, चौदाव्या-पंधराव्या शतकात ते बांधले गेले असे मानतात. गाभाऱ्यात शिवलिंग आहे आणि त्याच्या जोडीला कुत्र्याची मूर्ती. भाविक दोघांनाही नमस्कार करतात.

तेथे सांगतात ती कथा अशी. एक बंजारा आपले कुटुंब आणि एक इमानी कुत्रा घेऊन या भागात आला. दुष्काळ पडला. त्याने सावकाराकडून कर्ज काढले, आणि ते फेडता येईना तेव्हा कुत्रा गहाण ठेवला. पुढे सावकाराच्या घरी चोरी झाली. चोरांनी माल कोठे लपविला ते कुत्र्याने पाहिले होते. सकाळी त्याने सावकाराला त्या जागी नेले. माल जसाच्या तसा मिळाला. सावकाराने सगळी हकीकत एका चिठ्ठीत लिहिली, कर्ज फिटले असे समजून ती कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला धन्याकडे सोडून दिले. धन्याने दुरून पाहिले ते एवढेच, की कुत्रा परत येतो आहे. आपला शब्द मोडून, सावकाराला फसवून, हा पळून आला, असे त्याला वाटले. त्याने काठी उचलली. चिठ्ठी त्याने वाचली ती कुत्रा मेल्यावर.

उतावळेपणाने इमानी प्राण्याला मारल्याच्या कथा पुष्कळ आहेत. पंचतंत्रातला मुंगूस असाच मेला. पण खपरीच्या कथेचे वैशिष्ट्य असे, की येथे धनी दुष्ट नाही, मूर्खही नाही. तो शब्दाला जागणारा आहे, आणि ज्या सचोटीने कुत्रा वागला त्याच सचोटीच्या अभिमानाने तो कुत्र्याला मारतो. त्याने बांधले ते स्मारक म्हणजे कबुलीजबाबच होय. महाभारतात युधिष्ठिर कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्याचे नाकारतो, आणि शेवटी तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म असल्याचे उघड होते. बंजाऱ्याला तेवढाही दिलासा नाही. त्याचा कुत्रा कुत्राच होता.

राजेरजवाड्यांनी कुत्र्यांची स्मारके केली, त्यांत अशी बोच नाही. कर्नाटकात आतकूर येथे दहाव्या शतकाच्या मध्याचा एक कोरीव दगड सापडला. तो आता बंगळूरच्या संग्रहालयात आहे. तक्कोलमच्या लढाईत पराक्रम केलेल्या एका वीराने बक्षीस म्हणून मुलूख मागितला नाही, काळी नावाचे शिकारी कुत्रे मागितले. ते कुत्रे एका रानडुकराशी झुंजले आणि दोघेही मेले. दगडावर ती झुंज कोरली आहे; स्मारकासाठी जमीन दिल्याचे लिहिले आहे, आणि पूजा केल्यावाचून पुजाऱ्याने अन्न घेऊ नये असेही बजावले आहे. साताऱ्याच्या शाहू महाराजांचा खंड्या कुत्रा तर त्यांना वाघापासून वाचविणारा. महाराजांनी त्याला जहागीर आणि पालखी दिल्याचे ग्रँट डफने नमूद केले आहे. त्याची समाधी संगम माहुलीला आहे. रायगडावरच्या वाघ्याच्या पुतळ्यावरून मात्र माणसे भांडत आली आहेत. १९३६ साली तो बसविला गेला, २०१२ मध्ये हलविला जाऊन पुन्हा बसला, आणि २०२५ मध्ये तो वाद पुन्हा उफाळला. वाघ्याला समकालीन पुरावा नाही, ही इतिहासकारांची तक्रार रास्तच आहे. परंतु लोकांना ती कथा खरी वाटावीशी का वाटते, हा प्रश्न पुराव्याने सुटत नाही.

खपरीला जाणाऱ्यांत कुत्रा चावलेली माणसेही असतात; येथील दर्शनाने बरे वाटते अशी श्रद्धा आहे. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. चावा बसताच जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि विनाविलंब दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. पिसाळरोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस सहसा वाचत नाही. दर्शन त्यानंतर सावकाश घेता येते.

उरल्याच्या शिवारात ज्या बांधांवर आता कारखाने उभे आहेत, त्या बांधांखाली अशी किती कुत्री असतील, ते कोणत्याही दप्तरात आढळायचे नाही. जमीन संपादन होते तेव्हा झाडे मोजली जातात, विहिरी मोजल्या जातात, घरांची किंमत धरली जाते. जुना मालक मात्र भिंतीपलीकडे बोट दाखवून ‘तिथे आमची विहीर होती’ असे सांगू लागला, की विहिरीशेजारची ती जागाही दाखवितो आणि कुत्र्याचे नाव सांगतो.