जुना ट्रक आणि त्याचा रेग्युलेटर



सुवर्णमहोत्सवी व्यासपीठावरून साहित्यावर बोलावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु गार्डन रीचच्या रहिवाशाला ट्रकचा विसर पडणे कठीण. १८९२ साली खिदिरपूरची गोदी सुरू झाली आणि हा परिसर मालवाहतुकीशी कायमचा जोडला गेला. म्हणून आज जुन्या ट्रकमधील एका लहानशा डबीविषयी, म्हणजे व्होल्टेज रेग्युलेटरविषयी, चार शब्द बोलतो.

जुन्या ट्रकात वीज निर्माण करण्यासाठी डायनामो असे. इंजिनाची गती वाढली की त्याचा विद्युतदाबही वाढू पाहतो. त्याला आवर घालणे हे रेग्युलेटरचे काम. दाब मर्यादेपलीकडे जाताच डबीतील तारेच्या वेटोळ्याचे चुंबकत्व लोखंडी पट्टी ओढून घेते, पॉइंट उघडतात आणि डायनामोच्या फील्डला जाणारा प्रवाह घटतो. दाब उतरला की पॉइंट पुन्हा मिटतात. ही उघडझाप सेकंदाला अनेक वेळा चालते. शेजारचा कट-आउट, इंजिन थांबल्यावर बॅटरीतील वीज उलटी डायनामोकडे वाहू देत नाही.

पॉइंट चिकटून बसले, तर हा आवर सुटतो. बॅटरी उकळते, तिच्यातील पाणी वारंवार आटते, बल्ब एकामागून एक उडतात. उलट, ठिणग्यांनी आणि दमट हवेने पॉइंट काळवंडले, तर बॅटरी उपाशी राहते आणि ऐन रात्री हमरस्त्यावर दिवे मंदावतात. अशा वेळी दोष बॅटरीला दिला जातो, नाही तर ड्रायव्हरच्या निष्काळजीपणाला. नव्या बॅटरीचा भुर्दंड त्या गरिबाच्या पगारावर पडतो. आणि खरे कारण तसेच राहिल्यामुळे नवी बॅटरीही जुनीच्याच वाटेने जाते!

म्हणून प्रथम मोजमाप करावे. इंजिन मध्यम गतीने चालवून बॅटरीच्या दोन टोकांना मीटर लावावा. बारा व्होल्टच्या गाडीत सुमारे चौदा, चोवीसच्या गाडीत सुमारे अठ्ठावीस व्होल्ट दिसावेत. गतीबरोबर काटा चढतच गेला, तर संशय रेग्युलेटरवर घ्यावा. तरीही डबी फेकण्यापूर्वी तिची अर्थची तार पाहावी; ती सुटली तर वेटोळ्यातून प्रवाहच वाहत नाही आणि निर्दोष रेग्युलेटरही दाब रोखू शकत नाही. काटा चढतच नसेल, तर आधी पट्ट्याचा ताण व बॅटरीची टोके तपासावीत. उकळत्या बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघतो; तेथे विडी-काडी कटाक्षाने टाळावी.

पुढे डायनामोच्या जागी आल्टरनेटर आला आणि रेग्युलेटर इलेक्ट्रॉनिक झाला. त्याचे पॉइंट घासता येत नाहीत. बिघडला की सहसा बदलावाच लागतो. इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार सोडून पाहण्याची जुनी रीत तर येथे घातक. तिच्यापायी आल्टरनेटरचे डायोड जळतात.

माझी हयात सरकारी फायलींत गेली. चौकशीशिवाय कोणावर ठपका ठेवू नये, हा दफ्तरातला नियम गॅरेजातही तितकाच खरा आहे. पाच मिनिटांच्या मोजमापाने एखाद्या ड्रायव्हरची रोजी वाचत असेल, तर तेवढा वेळ आपण अवश्य द्यावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.