मोटारींचा पट
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला आधीच बजावलं आहे, "आठवणी सगळेच सांगणार आहेत, तू गावासाठी काही कल्पना असेल तर ती मांड." म्हणून थेट विषयावर येतो. मी वाळूजला कारखान्यात नोकरी करतो हे तुम्हाला माहीत आहे. गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी मी मोटार स्पर्धांमध्ये स्वयंसेवक म्हणून वेळ नोंदवतो, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. शर्यतीत मी कधी गाडी चालवली नाही. हातात घड्याळ आणि वही, एवढंच माझं काम. त्या कामातून सुचलेली गोष्ट आज मांडतो आहे: आपल्या तालुक्यात हौशी पोरांसाठी एक स्वस्त मोटार स्पर्धा सुरू करावी.

हसू नका! आधी कारण ऐका.

मेहकर रस्त्यावर, मंठा रस्त्यावर संध्याकाळी काय चालतं ते तुम्ही रोज पाहता. तिघं तिघं एका गाडीवर, डोक्यावर हेल्मेट नाही, आणि पैज लागते सुलतानपूरच्या फाट्यापर्यंत कोण आधी पोचतो याची. गावात शिरलं की चौकाचौकांत श्रद्धांजलीचे फलक दिसतात. त्यावरच्या फोटोतली वयं वाचा. एकोणीस, बावीस, चोवीस. आज या मंडपात बसलेल्यांपैकीही एका घरात असा फोटो भिंतीवर आहे. मी नाव घेत नाही, आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

कायदा पुरेसा कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. तरी शर्यती थांबत नाहीत. वेगाची ओढ त्या वयात असतेच, आणि ती भागवायला रस्त्याशिवाय दुसरी जागा आपण त्यांना दिलेली नाही. मोठ्या शर्यतींचे नावाजलेले ट्रॅक चेन्नईजवळ, कोइमतूरला आणि ग्रेटर नोएडाला. लोणारच्या पोराला तिथे जाऊन गाडी चालवणं या जन्मी परवडायचं नाही.

पण शर्यत महागच असते, हे खरं नाही. आपल्याच मातीत त्याचा पुरावा आहे. शंकरपट आठवा. पीक निघालेल्या शेतात सरळ धावपट्टी, बैलजोडी, धुरकरी आणि सेकंद मोजणारं घड्याळ. प्रेक्षक दोरीच्या मागे. ना स्टेडियम, ना डांबर. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने रीतसर पट भरतात. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटात तर महिला धुरकरीही उतरतात. यातून मी दोन गोष्टी घेतो. एक, घड्याळाविरुद्धची शर्यत शेतात होऊ शकते. दोन, नियम पाळले तर सरकारदरबारी परवानगी मिळू शकते.

दुसरा पुरावा पश्चिम महाराष्ट्रातला. तिकडे जत्रांमध्ये ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून उलटी चालवण्याच्या स्पर्धा होतात. आखलेल्या वाटेतून, रेषेला न शिवता, कमीत कमी वेळात ट्रॉली मागे न्यायची. गाडी घरचीच, डिझेल दोन लिटर, आणि गर्दी कुस्तीच्या फडासारखी. वेग म्हणाल तर माणसाच्या चालीएवढा, पण कौशल्य असं लागतं की भल्याभल्यांची ट्रॉली आडवी होते.

तिसरं उदाहरण कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांचं. गिरणीमालकाच्या घरातला हा माणूस गाड्यांचा वेडा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी एकआसनी शर्यतीची गाडी बनवली आणि तिला इंजिन बसवलं मारुती ८०० चं. का? कारण ते इंजिन गल्लीतल्या मेकॅनिकला उघडता येत होतं आणि त्याचे सुटे भाग कुठेही मिळत होते. सगळ्यांच्या गाड्या सारख्या, म्हणजे जिंकणार तो चालवणाऱ्याच्या हातामुळे. या 'फॉर्म्युला मारुती'वर सुरुवात केलेला नारायण कार्तिकेयन २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. करिवर्धन १९९५ साली विमान अपघातात गेले. कोइमतूरच्या ट्रॅकला आज त्यांचंच नाव आहे.

आता माझी योजना सांगतो. वाहन एकच: शेतकऱ्याच्या घरी असते ती शंभर सीसीची मोपेड. दुधाचे कॅन, खताची पोती, आजोबा आणि नातू, सगळं वाहणारी. गिअर नाही, वेग बेताचा, आणि दुरुस्ती बसस्टँडसमोरचा कुठलाही मिस्त्री करतो. जुनी गाडी पंधरा-वीस हजारांत मिळते.

मैदान दोन एकरांचं. त्यात खुणेचे शंकू मांडून साधारण चारशे मीटरची वळणावळणाची वाट आखायची. एका वेळी एकच गाडी सुटेल. शंकू पडला की वेळेत दोन सेकंद वाढतील. सरळ पट्टा मुद्दाम लांब ठेवायचा नाही, म्हणजे चाळीसच्या वर वेग जाणारच नाही. वाट पूर्ण करायला पाऊण-एक मिनिट लागेल. धुरळा बसायला वेळ धरून प्रत्येक फेरीला तीन मिनिटं धरा. चाळीस स्पर्धक, प्रत्येकी दोन फेऱ्या, म्हणजे चार तास. सकाळी आठला सुरू, बाराला बक्षीस, उन्हाच्या आत घरी.

एकामागे एक गाडी सोडण्याचा आणखी एक फायदा आहे. धुरळा दाबायला टँकर लागत नाही. ज्या गावात उन्हाळ्यात प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघतात, तिथे शर्यतीसाठी पाणी ओतलेलं लोकांना आवडणार नाही, आणि आवडूही नये.

आता खर्चाची मेख. स्पर्धा स्वस्त सुरू होते आणि तिसऱ्या वर्षी कुणीतरी पन्नास हजारांचं इंजिनकाम करून येतो. मग बाकीचे घरी बसतात. यावर फिनलंड आणि स्वीडनमधल्या हौशी शर्यतींत फार सुंदर तोड आहे. तिथे गाडीची एक किंमत ठरलेली असते. शर्यत संपल्यावर कुठलाही परवानाधारक स्पर्धक त्या ठरलेल्या किमतीत कुणाचीही गाडी मागू शकतो, आणि मालकाला ती द्यावीच लागते. नकार दिला तर शर्यतीचा परवाना जातो. मागणारे जास्त असतील तर चिठ्ठी टाकतात. आपण किंमत पंचवीस हजार ठेवू. साठ हजार खर्चून गाडी आणाल तर पंचवीसला द्यायची तयारी ठेवा! हे मी आपल्या एका मिस्त्री मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "काहून देऊ बा? मेहनत माही अन् गाडी त्याची?" मी म्हटलं, "भाऊ, तू पंचवीसमध्येच बनव, मग द्यायचं दुःख नाही. आणि तुझी गाडी सगळ्यांनी मागितली तर दुकानाची याहून मोठी जाहिरात कोणती?" तो विचारात पडला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, "सायलेन्सर धरता का पंचवीसमध्ये?" म्हणजे माणूस तयार आहे.

अमेरिकेत २००६ पासून पाचशे डॉलरच्या जुनाट गाड्यांची शर्यत होते. तिथला एक नियमही घेण्यासारखा आहे: सुरक्षेवरचा खर्च किमतीत धरायचा नाही. ब्रेक, टायर, हेल्मेट, हातमोजे यांवर कितीही खर्च करा. कंजुषी इंजिनात करायची, ब्रेकमध्ये नाही.

पहिल्या सकाळी आणखी दोन प्रकार ठेवता येतील: ट्रॅक्टर-ट्रॉली उलटी चालवणं, आणि मुली-महिलांची वेगळी फेरी. आपल्या वर्गातल्या कितीतरी जणी रोज स्कूटीवरून शाळेत, दवाखान्यात, बँकेत नोकरीला जातात. त्यांना कुणी कधी विचारलंच नाही.

जागेबद्दल एक गोष्ट ठाम सांगतो. सरोवराच्या आसपास हे अजिबात नको. ते अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर क्षेत्र आहे. तिथल्या पक्ष्यांना आपल्या सायलेन्सरचा आवाज ऐकवायचा नाही. गावापासून दूर, मुरमाड हलक्या जमिनीचं रान हवं. काळी जमीन चालणार नाही, तिला भेगा पडल्या की चाक अडकतं. तूर-हरभरा निघाल्यावरचे दिवस बरे. दहावी-बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर गोंगाट नको, हे सर सांगायच्या आधी मीच सांगतो.

अटी अशा: वय अठरा पूर्ण, वाहन चालवण्याचा परवाना, आयएसआय हेल्मेट, पायात बूट. रुग्णवाहिका आणि डॉक्टर मैदानावर आल्याशिवाय पहिली गाडी सुटणार नाही. प्रेक्षक दोरीमागे, वळणाच्या बाहेरच्या बाजूला कुणीही नाही. शेत खासगी असलं तरी तहसील, पोलीस ठाणे आणि ग्रामपंचायत यांची लेखी परवानगी, स्पर्धकांचा विमा, आणि देशातल्या मोटार क्रीडा महासंघाच्या नियमांप्रमाणे आखणी. यातलं एक जरी जमलं नाही तरी स्पर्धा पुढे ढकलायची.

खर्च माझ्या अंदाजाने एका सकाळचा पन्नास हजार. चाळीस स्पर्धकांचे पाचशेप्रमाणे वीस हजार येतील. उरलेले तीस हजार म्हणजे आपल्यापैकी साठ जणांचे पाचशे-पाचशे. शंकू एकदा घेतले की दरवर्षी चालतील. बक्षीस रोख ठेवायचं नाही. पैसा आला की पैज आली. पहिल्याला टायरची जोडी, दुसऱ्याला हेल्मेट.

काल संध्याकाळी आपल्या सरांनी मला विचारलं, "अरे, शर्यत लावून पोरं रस्त्यावर अजून जोरात पळवतील, त्याचं काय?" प्रश्न रास्त आहे. सर, रस्ते लगेच शांत होतील असं आश्वासन मी देत नाही. पण मैदानावर फेरीआधी प्रत्येकाला ब्रेकची चाचणी द्यायला लावायची असा माझा विचार आहे. वीसच्या वेगाने येऊन रेषेवर ब्रेक लावायचा, गाडी थांबेल तिथे चुना टाकायचा. मग चाळीसने. वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं, हे तुम्ही आम्हाला फळ्यावर शिकवलं होतं. परीक्षेत गुण मिळाले आणि आम्ही विसरलो. चुन्याच्या त्या दोन रेषा पोराने स्वतःच्या पायांनी मोजल्या, तर ऐंशीने फाट्याकडे जाताना निदान एकदा तरी त्याला त्या आठवतील. शाळेतल्या मुलांना गाडी द्यायची नाही, पण वेळ नोंदवायला, सरासरी काढायला, फलकावर निकाल लिहायला नववीची मुलं हवी आहेत. तुम्ही त्यांच्यासोबत उभे राहाल का, ही माझी विनंती आहे. तुम्ही मैदानावर असलात तर पोरं हेल्मेटचा बंद न सांगता लावतील. आम्ही अजून लावतोच ना!

मला आज टाळ्या नकोत, चार गोष्टी हव्या आहेत. एक, दोन एकर मुरमाड रान एका सकाळपुरतं देणारा मित्र. दोन, परवानग्यांच्या कागदांमागे फिरणारे तिघं. त्यात एक वकील असेल तर उत्तम, आणि आपल्या तुकडीत ते आहेत. तीन, दोरीजवळ उभं राहून गर्दी मागे ठेवणारे बारा जण. चार, साठ वर्गण्या. जेवणाच्या मंडपात दाराशी मी वही घेऊन बसतो आहे. घड्याळ आणि शंकूंची जबाबदारी माझी.