वर प्राकृत, खाली छाया

(धुळे-जळगाव भागातल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



मला आज बोलायला सांगितलंय ते 'बाईचा जबाब कसा नोंदवावा' यावर. पण सुरुवात मी कॉलेजातल्या संस्कृतच्या तासापासून करणार आहे. कंटाळू नका. पोटगीच्या केसपर्यंत आपल्याला पोचायचंच आहे.

मी अमळनेर तालुक्यातली. घरी अहिराणी. दहावीला संस्कृत घेतलं ते मार्क पडतात म्हणून. पुढे जळगावला बी.ए.ला आले तेव्हा तेच धरून ठेवलं. पहिलं वर्ष पाठांतरात गेलं. देवः देवौ देवाः. सुट्टीत घरी आले की भाकरी थापताना रूपं म्हणायची, आणि आजी चुलीपुढून विचारायची, "काय बडबड करस व माय?" पण खरं सांगते, व्याकरण मला आवडलं. एका शब्दाला विभक्ती लागली की कोणी कोणाला काय केलं ते कळतं. शब्द कुठेही ठेवा, कर्ता लपत नाही. हे पुढे पोलीस स्टेशनातले पंचनामे वाचताना फार आठवलं. तिथे 'मारहाण झाली' असतं, 'मारलं' नसतं.

दुसऱ्या वर्षाला 'शाकुंतल' होतं. पुस्तक उघडलं तर राजा संस्कृतात बोलतो, कण्व संस्कृतात बोलतो, आणि शकुंतला तोंड उघडते तेव्हा भाषाच वेगळी. ती प्राकृत. तिच्या वाक्याखाली त्याचं संस्कृत केलेलं असतं, त्याला 'छाया' म्हणतात. आमचे सर शिकवायचे चांगलं, पण म्हणाले, "परीक्षेला छाया येते. वरचं सोडा." आम्ही पेन्सिलीनं वरच्या ओळी कंसात टाकल्या. नाटक शकुंतलेचं, आणि आख्ख्या वर्षात तिचं एक वाक्य आम्ही तिच्या भाषेत वाचलं नाही.

संस्कृत नाटकांचा हा संकेतच आहे. राजे, ऋषी, मंत्री संस्कृतात. बायका, मुलं, नोकरचाकर प्राकृतात. सहाव्या अंकातला कोळी आणि त्याला धरणारे शिपाई मागधी प्राकृतात बोलतात. विदूषक ब्राह्मण असूनही प्राकृतच बोलतो, कारण तो हसण्यावारी न्यायचा. अपवाद आहेत. 'मालविकाग्निमित्रा'तली परिव्राजिका, पंडिता कौशिकी, संस्कृतात बोलते. संन्यास घेतलेली बाई म्हणून असेल म्हणावं, तर 'शाकुंतला'तली गौतमी आश्रमात म्हातारी झाली तरी प्राकृतच बोलते. मला वाटतं, कोणाचं बोलणं निर्णयासारखं ऐकायचं आणि कोणाचं नुसतं ऐकून घ्यायचं, याची ती वाटणी होती.

(संस्कृत शिकायचं कोणी, हा तर आणखी मोठा प्रश्न. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिलं नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली. कुमुद पावडे यांनी दलित बाई म्हणून संस्कृत शिकण्याची आणि पुढे शिकवण्याची काय किंमत मोजली, ते १९८१ च्या 'अंतःस्फोट'मध्ये लिहून ठेवलंय. आपल्या वाचनगटांनी ते घ्यावं.)

परीक्षेच्या आधी एका रात्री होस्टेलवर दिवे गेले. मेणबत्तीत छायेची बारीक अक्षरं दिसेनात, म्हणून मी वरची ओळ मोठ्यानं वाचायला लागले आणि थबकले. 'वयम्'च्या जागी 'अम्हे', 'हस्त'च्या जागी 'हत्थ'. पुढे 'गाथासप्तशती' चाळताना 'पोट्ट' दिसलं, 'तुप्प' दिसलं. म्हणजे आपलं पोट आणि आपलं तूप. 'अत्ता' हा शब्द तिथे सासूसाठी येतो, आपण आत्या म्हणतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीबरोबर प्राकृत आणि पालीलाही अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा पेढे वाटले गेले. मला आठवली ती पेन्सिलीनं कंसात टाकलेली ओळ.

आता पाचवा अंक ऐका. आपल्या कामाचा तोच आहे. शकुंतलेचं लग्न झालंय गांधर्व पद्धतीनं, साक्षीदार नाहीत. ती गरोदर आहे. राजा भर दरबारात म्हणतो, हिला मी ओळखत नाही. खुणेची अंगठी वाटेत पाण्यात पडलेली. ती बोलायला लागते आणि पहिला शब्द काढते 'अज्जउत्त', म्हणजे आर्यपुत्र, बायकोनं नवऱ्याला म्हणायचा शब्द. अर्ध्यावर थांबते. लग्नालाच नाही म्हणतोय, तर या शब्दाचा हक्क उरला का? मग म्हणते 'पोरव', पौरव, नुसतं कुळाचं नाव. आणि तो बायकांच्या जन्मजात कपटावर प्रवचन झोडतो तेव्हा तिच्या तोंडून निघतं 'अणज्ज'. अनार्य. तीन शब्दांत त्या बाईचं लग्न संपतं. महाभारतातल्या शकुंतलेच्या गोष्टीत अंगठी नाही, शाप नाही. राजाला सगळं आठवत असतं आणि तो सरळ खोटं बोलतो. दुर्वासाचा शाप कालिदासानं घातला आणि राजा सुटला.

बी.ए.नंतर मी एम.एस.डब्ल्यू. केलं आणि धुळे जिल्ह्यात सल्ला केंद्रावर काम करू लागले. काही वर्षांपूर्वी शिरपूरकडची एक बाई आली. विधवा होती. एका बिजवराशी तिचा गंधर्व लागला होता. आपल्याकडे बाईच्या दुसऱ्या लग्नाला गंधर्वच म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नको. रात्रीची वेळ, पाच-सात माणसं, एक लुगडं, नारळ. पत्रिका नाही, फोटो नाही, नोंदणी नाही. सहा वर्षं संसार झाला, मुलगा झाला. मग त्यानं दुसरी आणली आणि हिला बाहेर काढलं. आम्ही पोटगीचा अर्ज केला. तेव्हा ते कलम १२५ होतं. जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ आहे. त्यानं उत्तर दिलं, ही माझ्याकडे मजुरीला होती.

साक्षीच्या दिवशी ती उभी राहिली. आधी त्याला 'आंडोरना बाप' म्हणाली, पोराचा बाप. वकिलानं दोनदा 'मजूर' शब्द वापरल्यावर तिनं त्याचं नाव-आडनाव घेतलं. तिसऱ्यांदा शिवी दिली, ती इथे सांगत नाही. माझ्या अंगावर काटा आला, कारण या तीन पायऱ्या मी आधी वाचल्या होत्या. टाइप झालेल्या कागदावर तिन्ही ठिकाणी एकच शब्द होता: गैरअर्जदार. संस्कृत छायेनं निदान पायऱ्या तरी ठेवल्या होत्या.

पण त्याहून वाईट पुढे आहे, आणि त्यात माझी चूक आहे. ती म्हणाली होती, "मना गंधर्व लावेल शे." कागदावर उतरलं, 'मी त्यांच्यासोबत राहत होते.' जबाब वाचून दाखवला तेव्हा तिनं मान हलवली. राहत तर होतीच ना ती! मी मागच्या बाकावर बसून पुढच्या केसची फाईल चाळत होते. पुढच्या तारखेला समोरचे वकील म्हणाले, बाई स्वतःच म्हणते सोबत राहत होते, लग्न झालं असं कुठे म्हणते? साक्षीदार पुन्हा बोलावण्याचा अर्ज करावा लागला. तिला परत सगळं सांगावं लागलं, मजुरीबद्दलचे सगळे प्रश्न परत ऐकावे लागले. सात महिने गेले. या वेळी 'गंधर्व' शब्द अवतरणात टाइप झाला. पोटगी मंजूर झाली. हातात पडते का, ते विचारू नका, त्यावर वेगळं शिबिर घ्यावं लागेल.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. एम.एस.डब्ल्यू.ला माझ्याबरोबर वसईची एक मैत्रीण होती, तिचे मामा धर्मगुरू, सेमिनरीत लॅटिन शिकलेले. त्यांच्याकडून तिनं ऐकलेली गोष्ट. इ.स.पूर्व ४२ मध्ये रोमच्या सत्ताधाऱ्यांनी युद्धासाठी १४०० श्रीमंत बायकांवर कर लावला. हॉर्टेन्सिया नावाची बाई भर चौकात उभी राहिली: आम्हाला सत्तेत वाटा नाही, तर आम्ही कर का द्यायचा? कराची यादी ४०० वर आली. ती बोलली लॅटिनमध्ये, पण तिचं मूळ भाषण आज नाही. जे आहे ते अपियन या इतिहासकारानं जवळजवळ दोनशे वर्षांनी ग्रीकमध्ये लिहिलेलं. म्हणजे छायाच.

लोकांची भाषा लिहिता येत नाही, असं कोणी सांगितलं तर त्यांना चाळीसगावजवळच्या पाटण्याला न्या. शके ११२८ चा शिलालेख आहे, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातवानं काढलेल्या मठाचा. वंशावळ आणि स्तुती संस्कृतात. बाजारातून मठाला काय द्यायचं ते शेवटी मराठीत! वसुली करायची होती तेव्हा लोकांची भाषा बरोबर चालली. आणि बहिणाबाई? त्यांना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी गाणी ऐकली तशी उतरवून ठेवली, म्हणून १९५२ साली पुस्तक आलं. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचं नाव दिलं. त्यांची गाणी कोणी 'शुद्ध' करून लिहिली असती तर?

तर आता जबाबाचं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७७ मध्ये होतं, आणि नव्या संहितेतही आहे, की साक्षीदार न्यायालयाच्या भाषेखेरीज दुसऱ्या भाषेत बोलला तर शक्य असेल तिथे साक्ष त्याच भाषेत उतरवावी; नाहीतर खरा अनुवाद करावा. अहिराणी ही वेगळी भाषा की मराठीची बोली, यावर न्यायालयात वाद घालत बसू नका, वेळ जातो. एवढंच म्हणा की हा शब्द आहे तसा अवतरणात घ्या. गंधर्व, पाट, मोहतूर हे शब्द तर सोडूच नका. पोटगीच्या अर्जात लग्नाचा पुरावा फौजदारी खटल्याइतका काटेकोर लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये सांगितलंय. पण 'राहत होते' लिहिलं गेलं की हा आधारही डळमळतो. जबाब वाचून दाखवतील तेव्हा तिच्याशेजारी उभ्या राहा. फाईल चाळू नका.

आमच्या केंद्राच्या नोंदवहीत आता पानाचे दोन भाग केलेत. वर ती बोलली तसं, अहिराणी असो, लेवा असो, भिली असो. खाली आपलं मराठी. वेळ लागतो, हात दुखतो, नवीन कार्यकर्त्या कुरकुरतात. गेल्या आठवड्यात सातपुड्यातली एक बाई आली, पावरी बोलणारी. आमच्यापैकी कोणालाच पावरी नीट येत नाही. तिच्या दहा-बारा वर्षांच्या मुलीनं सांगितलं तेवढं खाली लिहून घेतलं, वरचा अर्धा भाग कोरा आहे. मुलीसमोर तिनं सगळं सांगितलं नसणार. ती शुक्रवारी परत येणार आहे. इथे धडगाव-शिरपूरकडच्या मैत्रिणी बसल्यात. जेवणाच्या सुट्टीत मला भेटा. शुक्रवारी कोणाला धुळ्याला येता येईल, ते ठरवून टाकू.